न पेटलेल्या स्टोव्हच्या धुराची नम्र पाहणी

लाकूड जाळायचा लोखंडी स्टोव्ह घेण्यात लक्ष्मीकांत देवधरचा फायदा सरळ होता. सासूबाईंचे गुडघे उबेत राहिले, तर त्या मार्चअखेरपर्यंत जपानात राहतील. त्या राहिल्या, तर लेक ओवी शाळेतून येईल तेव्हा घरात कोणीतरी असेल, म्हणजे बायकोला, कश्मिराला, क्योतोतली पूर्ण वेळची नोकरी घेता येईल. शिवाय ओवी, जी सध्या आईशी जपानीतच भांडते, ती मराठीत भांडायला शिकेल. एका स्टोव्हकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं बरं दिसलं नसतं.

क्योतोच्या उत्तरेला, डोंगरातल्या त्या छोट्या शहरात स्टोव्हला बंदी नव्हती. पण लक्ष्मीकांत पुण्याचा. कुठलीही गोष्ट आधी विचारून करायची आणि विचारायचं तेही लेखी, ही त्याची शिस्त. पहिलं लाकूड पेटवण्याआधीच त्याने नगरकार्यालयाला मेल केली : माझ्या धुराचा कोणाला त्रास होईल का?

धुराबद्दल काहीही आलं तरी ते नोंदवायला कार्यालयाकडे एकच अर्ज होता, तक्रारीचा. मेल त्यावर चढली. तीन दिवसांनी मोरिता-सान नावाचे अतिशय सभ्य अधिकारी दारात येऊन वाकले आणि आपल्या धुराविषयी एक तक्रार असल्याचं त्यांनी खेदाने कळवलं.

"पण स्टोव्ह अजून पेटवलाच नाही," लक्ष्मीकांत म्हणाला.

"म्हणूनच तीव्रतेचा रकाना कोरा आहे."

"ती तक्रार म्हणजे माझीच मेल असणार."

"तक्रारदाराची ओळख आम्ही कोणालाच सांगत नाही," मोरिता-सान म्हणाले. "तुम्हाला तर मुळीच नाही. तक्रार तुमच्याविरुद्ध आहे."

प्रथेप्रमाणे आता तक्रारदाराची माफी मागायची होती. तक्रारदार गुप्त, तेव्हा गल्लीतल्या अकराही घरांची मागणं ओघानेच आलं. कश्मिराने मिठाईचे अकरा खोके आणले, त्यांची वेष्टणं मिठाईपेक्षा देखणी. पद्मिनीबाई जावयाबरोबर दारोदार हिंडल्या आणि त्यांनी प्रत्येक घरापुढे हात जोडले. न झालेल्या धुराची इतकी हृदयस्पर्शी माफी गल्लीत आजवर कोणी मागितली नव्हती.

मग स्टोव्ह पेटला. चौथ्या दिवशी पद्मिनीबाई कठडा न धरता जिना उतरल्या. पाचव्या दिवशी ओवीने दुधाला "इयादा" म्हटलं.

"इयादा नाही, नको म्हण," आजी म्हणाली.

"नको," ओवी म्हणाली, आणि कश्मिराने त्याच संध्याकाळी नोकरीचा अर्ज भरला.

पुढच्या आठवड्यात घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर कार्यालयाची पाहणी आली. धुराचा वास : अजिबात नाही, किंचित, असह्य. अकराही घरांनी 'किंचित'वर खूण केली. त्यांत शेजारच्या हिराई-सानही होत्या, ज्यांना वीस वर्षांपासून कसलाच वास येत नाही. कचरा वेगळा करताना कश्मिराने त्यांना हळूच विचारलं.

"'अजिबात नाही' लिहिलं असतं, तर एवढी मिठाई तुम्ही उगीच दिलीत, असा अर्थ झाला असता," त्या म्हणाल्या. "तुमचा असा अपमान मी कसा करू?"

नागरिकांचं एकमत झाल्याचं सांगायला मोरिता-सान पुन्हा आले. कायद्याने बंदी घालता येत नव्हती, म्हणून वेळा लक्ष्मीकांतने स्वेच्छेने ठरवायच्या होत्या. स्वेच्छेच्या वेळांचा तक्ता त्यांनी सोबत आणला होता. कपडे वाळत असताना नको, गाद्या उन्हात असताना नको. वारा शाळेकडे असेल तर नको, आणि वारा पडला तर धूर साचतो. बर्फ पडताना हरकत नव्हती, फक्त तेव्हा धूर नजरेत भरतो. उरली बुधवारची पहाट, पंचवीस मिनिटं.

"लोखंड तापायलाच अर्धा तास लागतो," लक्ष्मीकांत म्हणाला.

"तापवायचं की नाही, ते सर्वस्वी तुमच्यावर आहे."

हे सगळं पद्मिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. गुडघ्यांवर शाल होती, शालीवर दुसरी शाल होती.

"लक्ष्मीकांतराव, बंदी आहे का?"

"नाही, आई."

"मग नको कोण म्हणतंय?"

"तसं कोणीच नाही."

"मग मी जाते परत," त्या म्हणाल्या. "नको म्हणणारा एक जरी समोर असता, तरी भांडून राहिले असते."

जानेवारीत त्या पुण्याला गेल्या. कश्मिराने मिळालेल्या नोकरीला नम्र नकार कळवला. स्टोव्हवर ओवीची दप्तरं आणि टोप्या साठू लागल्या. फेब्रुवारीत पाटी पुन्हा फिरली आणि अकराही घरांनी पुन्हा 'किंचित' लिहिलं. वास गेला असं लिहिणं म्हणजे म्हातारी गेल्याचा आनंद दाखवण्यासारखं झालं असतं.

कार्यालयाने याचा कसून अभ्यास केला. स्टोव्ह बंद, तरी वास तेवढाच. एकतीस मार्चला लेखी निष्कर्ष आला : वासाचा आपल्या स्टोव्हशी कोणताही संबंध आढळला नाही, आपण तो केव्हाही पेटवू शकता. त्या दिवशी पुण्याचा पारा अडतीसवर होता.

एकूण हिशेब असा की शेजाऱ्यांना दोन खुणा कराव्या लागल्या आणि कार्यालयाला एक पान लिहावं लागलं. बाकी सगळं एका बाईच्या गुडघ्यांनी भरलं. जपानी लोक फारच सभ्य, असं आपण म्हणालच. गेल्या आठवड्यात आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा आली होती, दुपारी लिफ्ट बंद ठेवायला कोणाची हरकत नाही ना? आपणही त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलंत. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली आलेल्या नाहीत.