चितळबाई आणि निनावी इशारे

विषय : पाणवठा कार्यालयातील मुख्य यंत्रात उमटणारे अज्ञात इशारे.
संदर्भ : चितळबाईंचा अर्ज, यंत्र पंधरा मिनिटे बंद करून उघडण्याबाबत.

तर मुलांनो, उपरोक्त विषयाची हकीकत अशी की, एका जंगलात एकच यंत्र होते. त्याच्या पोटात तीन मानीव, म्हणजे नुसती मानलेली, यंत्रे होती. एक पाणी खात्याचे, एक बिळेवाटप खात्याचे आणि एक जन्म-मृत्यू नोंदीचे. प्रत्येक खात्याला वाटे, अख्खे यंत्र आपलेच.

यंत्राची देखभाल चितळबाईंकडे होती. पाणवठ्यावरच्या पाळ्या यंत्रच लावी आणि ज्याला-त्याला वेळेची चिठ्ठी देई. सकाळी हरणे, दुपारी वाघ. त्यामुळे बाई हे काम फार मन लावून करीत.

एके दिवशी पडद्यावर ओळ उमटली : ‘आतून कोणीतरी ठोठावले. कोण ते कळले नाही. गोंधळ उडाला आहे, तरी काम चालू आहे.’

बाई धावत गेंडासाहेबांकडे गेल्या.

“ठोठावणाऱ्याचं नाव?” साहेबांनी विचारले.

“तेच तर कळत नाही, साहेब.”

“म्हणजे निनावी. निनावी पत्रावर कारवाई करायची नाही, असा नियम आहे. फाइलला लावा.”

बाईंनी ओळ उतरवून फाइलला लावली. चार दिवसांत दुसरी फाइल उघडावी लागली.

पण बाई चौकस. त्यांनी पाहिले, शिपाई गवा चहा घेऊन आला की ओळ उमटते. तो रजेवर असला की पडदा स्वच्छ.

“गवाभाऊ, इथंच एक उडी मारा बघू.”

“बाई, चहा सांडेल. साहेबांचा आहे.”

“सांडू दे हो!”

गव्याने उडी मारली. तेरा ओळी उमटल्या. बाईंना उलगडा झाला. यंत्राच्या आत आठवणीची पट्टी सैल झाली होती. ती निसटली, तर यंत्र कोणाची पाळी कधी, हेच विसरणार. पट्टी बोटभर दाबली की काम झाले. त्यासाठी यंत्र पंधरा मिनिटे बंद हवे.

बाईंनी अर्ज केला. साहेबांनी तिन्ही खात्यांची ना-हरकत मागितली.

पाणी खात्याचे बगळेराव म्हणाले, “आमचं यंत्र स्वतंत्र आहे, बाई. तुमच्या यंत्राशी आमचा काय संबंध?”

“अहो, तुमचं यंत्र माझ्या यंत्राच्या पोटात आहे!”

“तसा कागद दाखवा.”

कागद नव्हता. उरलेली दोन खातीही हेच म्हणाली.

बाईंची तगमग साहेबांना पाहवेना. “त्या ओळींचाच त्रास आहे ना?” ते म्हणाले आणि खुर्चीवरचा टॉवेल काढून त्यांनी पडद्यावर टाकला. इशारे दिसेनासे झाले. साहेबांना उत्कृष्ट सेवेचे प्रशस्तिपत्र मिळाले.

पुढच्या सोमवारी सकाळी चितळबाई पाण्यावर गेल्या. समोर वाघ पाणी पीत होता.

बाईंनी पाळीची चिठ्ठी पुढे केली. वाघाने ती नीट वाचली. मग आपली दाखवली. दोन्हींवर वेळ एकच होती.

“चिठ्ठी खरी आहे हो तुमची,” वाघ आदराने म्हणाला. “पण माझीही खोटी नाही.”

तात्पर्य : संकटाने येण्यापूर्वी आपले नाव, पत्ता आणि सही कळवावी, अन्यथा त्याची दखल घेतली जाणार नाही.

जन्म-मृत्यू खात्याच्या यंत्राला त्या सोमवारचे काही आठवत नाही. त्याच्या नोंदीनुसार चितळबाई हयात आहेत. सबब त्यांचा अर्ज निकाली काढता येत नाही. तो प्रलंबित आहे.