मिल्केयाचा कोड

"कुणाच्या शब्दावर किती बाटल्या खपतात, ते मी बसल्या जागेवरून सांगेन," असं योकास्ताने मालकिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. सांतो दोमिंगोतल्या त्या केसांच्या तेलाच्या छोट्या कंपनीत तिची नोकरी याच वाक्यावर टिकून होती. जमलं नाही तर घरी बसायचं, हे मालकिणीने, म्हणजे दोन्या फ्रान्सियांनी, तिला प्रेमाने, म्हणजे कॉफी पाजून, बजावलं होतं.

युक्ती साधी होती. इन्स्टाग्रामवर तेलाची तारीफ करणाऱ्या प्रत्येकीला तिने सवलतीचा वेगळा कोड दिला. गिऱ्हाइकाने जिचा कोड टाकला, त्या बाईच्या नावावर ती विक्री. टीव्हीवर नाचणाऱ्या तारकेला लाखो लोक बघायचे, पण तिच्या कोडवर बाटल्या घेतल्या त्या फक्त तिच्या मावश्यांनी. आणि शहराच्या टोकाच्या विया मेया वस्तीतल्या मिल्केयाला तिच्या गल्लीबाहेर कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. पण तिचा 'मिल्केया ४८' हा कोड एका शुक्रवारी असा काही उधळला की गोदाम रिकामं झालं.

दोन्या संगणकाच्या पडद्याकडे बघतच राहिल्या. "काय बाई आहे गं ही," त्या चर्चमध्ये बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या.

"विश्वास, दोन्या. लोकांना तारका नको असते, शेजारीण हवी असते."

हे वाक्य योकास्ताला स्वतःलाच इतकं आवडलं की अहवालात तिने ते दोनदा घातलं. मग वर्षभराचा करार घेऊन दोघी विया मेयाला निघाल्या.

मिल्केयाच्या दारात गर्दी होती. कंपनीची माणसं आली म्हटल्यावर शेजारच्या म्हातारीने त्यांना हाताला धरून आपल्याच घरात नेलं. कोपऱ्यात मारियामाईची तसबीर, पुढे मेणबत्ती, आणि मेणबत्तीशेजारी तेलाची बाटली. तिचं बूचही उघडलेलं नव्हतं.

"आजी, तेल लावत नाही का?" योकास्ताने विचारलं.

"लावायला केस कुठे राहिलेत?"

"मग घेतलीत कशाला?"

"अगं पोरी, मिल्केयाने फोनवर अठ्ठेचाळीस सांगितला. आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या लॉटरीच्या दुकानात अठ्ठेचाळीस लावला, आणि संध्याकाळी तोच आला. अख्ख्या गल्लीला लागला बघ. ज्या बाटलीने आकडा दिला, तिला घरी आणायला नको?"

"मी सांगून थकले, केसांना लावा म्हणून," दारातून मिल्केया म्हणाली. "कोण ऐकतंय."

एव्हाना गर्दी आत आली होती. एका बाईने दोन्यांच्या बाहीला हळूच हात लावून तो कपाळाला लावला. "पुढचा आकडा कधी देणार, दोन्या?"

परतताना गाडी दोन्या चालवत होत्या. तेलाने काही झालं नव्हतं, विश्वासाने नव्हतं, शेजारणीनेही नव्हतं. योकास्ताला आपलं टेबल रिकामं दिसू लागलं.

"अठ्ठेचाळीस तुला कुठून सुचला?" शेवटी दोन्यांनी विचारलं.

"कोड बनवला त्या दिवशी आईचा वाढदिवस होता," योकास्ता पडेल आवाजात म्हणाली. "तिचं वय घातलं."

दोन्यांनी गाडी बाजूला घेतली. आपलं वय त्यांनी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या योकास्ताच्या कानाशी वाकल्या.

"एकसष्ट. पुढच्या कोडला हा घाल. कुठून आला ते कुणाला बोललीस तर नोकरी गेली समज. आणि जाहिरात लावायच्या आधी मला अर्धा तास दे. कोपऱ्यावर जरा जाऊन येईन म्हणते."