बुंदीची बादली प्रभूकडे

साखरा गावच्या मारुतीच्या भंडाऱ्यात कोठी दगडोबांच्या ताब्यात होती, आणि दगडोबांचा तर स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. त्यात यंदा हिंगोलीच्या दिव्यांग कार्यशाळेतल्या सुकन्याबाईंनी प्रभूला वाढायला आणलेलं. प्रभू बत्तीस वर्षांचा, चांगला दाढीमिशीवाला. नवं काम शिकायला त्याला इतरांपेक्षा वेळ लागे, म्हणून महिनाभर तो रिकाम्या ताटांत वाळू वाढून सराव करत होता.

"ह्या पोराच्या हाती बुंदी? अर्धी तोंडात जाईल अन् अर्धी मातीत!" दगडोबा म्हणाले.

"पोरगं न्हाईत ते. तुमच्या जावयाच्या वयाचे हायत," सुकन्याबाई म्हणाल्या.

"असू द्या. पहिल्या पंगतीत कायबी चुकलं, तर बादली काढून घेईन."

प्रभूने बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली.

पंगत बसली. दगडोबा खांबाआडून टपून होते. प्रभूने एक कळीही सांडली नाही की तोंडात टाकली नाही. दगडोबांचा संशय आणखी वाढला, कारण इतकं सरळ काम त्यांनी कुणालाच करताना पाहिलं नव्हतं. प्रभूचे दोन फेरे झाले, पंगत उठली, आणि बादली काठोकाठ तशीच!

दगडोबांची विहीण अनुसयाबाई हात धुताना म्हणाली, "ईवाई, बुंदी लई जपून ठेवून राहिले वाटते!"

दगडोबांचं तोंड काळं ठिक्कर पडलं. ते प्रभूवर धावून गेले. "काहून वाढली न्हाई रे?"

"इचारलं मी. समदे नको म्हणले."

"अन् नको म्हणलं की तू सोडून देतो?"

"बाईनं शिकवलं. माणूस नको म्हणला की जबरदस्ती करायची न्हाई."

सुकन्याबाईंनी जीभ चावली. पंगतीत पहिलं 'नको' नुसतं मानापानाचं असतं, तिसऱ्या आग्रहाला खाणाऱ्याने पत्रावळीवर हात धरायचा आणि बुंदी खाली पडेल इतकी बोटांत फट ठेवायची, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. दगडोबांनी बादलीला हात घातला. प्रभू कडी सोडेना. त्याचे डोळे भरून आले.

"थांबा," सुकन्याबाई म्हणाल्या. "ह्यांनी ऐकलं तसंच केलं. मंग खोटं बोललं कोण?"

सगळी पंगत चपलांकडे बघू लागली. शेवटी अनुसयाबाईच परत पत्रावळीवर बसली. "बादली त्याच्याकडंच राहू द्या, ईवाई. वाढ रे बाबा प्रभू. मला पायजे. लई पायजे." मग एकेक करून सगळेच बसले आणि जन्मात पहिल्यांदा साखऱ्याची माणसं मोकळ्या तोंडाने 'वाढ' म्हणाली.

उन्हं कलल्यावर राबणाऱ्यांची पंगत बसली. दगडोबा सकाळपासून उपाशी. प्रभू समोर आला.

"बुंदी?"

"नको, नको," दगडोबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. ध्यानात येईपर्यंत प्रभू चार पत्रावळी पुढे गेलेला.

"अरे, इकडं ये! पायजे मला!"

प्रभू परत आला. त्याने बादली खाली ठेवली आणि बारीक डोळे करून दगडोबांना नखशिखांत न्याहाळलं.

"मघा नको म्हणले. आता पायजे म्हणता. यातलं खरं कोणतं?"

दगडोबांना सगळ्यांदेखत मारुतीची शपथ घ्यावी लागली, तेव्हा कुठे प्रभूच्या हातातली वाढायची वाटी बुंदीत गेली.