बॉनेटवरचा पेला

आमचे शेजारी संपतअण्णा कुणाच्याही गाडीचं उगाच कौतुक करत नाहीत. आधी घरातून स्टीलचा पेला आणतात, काठोकाठ पाणी भरतात आणि चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवतात. "पाण्याला इचारू," म्हणतात आणि टक लावून बघत राहतात. माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीवरही तो ठेवला. पाणी फुलांवर सांडलं. "नापास!" अण्णा ओरडले आणि वरात खोळंबली. माझीही गाडी नापास झालीय, त्यामुळे त्या पेल्याचा मला जरा जास्तच राग.

अण्णा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पेन्शनवर कोरेगावात आले आणि जुन्या, छोट्या गाडीला त्यांनी भंगारातला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. वर रेसचा कॅमशाफ्टही घातला. इंजिनाचे व्हॉल्व किती आणि किती वेळ उघडायचे, हे ठरवणारा हा दांडा. रेसचा दांडा पळताना जोर देतो, पण उभ्या गाडीला गदागदा हलवतो. गावाला ती डुगडुग फार आवडली. अण्णांच्या बायकोला, शालनवहिनींना, नाही. पहिल्यांदा बसल्या तेव्हा गाडी चालू होताच त्या दार उघडून पळाल्या आणि मोकळ्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून त्या माहेरी कोयनानगरला एसटीनंच जातात, एकट्या.

यंदा त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. वहिनी सेवेला निघाल्या. कधी परतणार, काही सांगता येत नव्हतं. आणि अण्णांनी हट्टच धरला, की या खेपेला मीच सोडणार.

"त्या गाडीत मी पाय ठेवायची न्हाई," वहिनींनी सांगून टाकलं.

अण्णांनी ओट्यावर दोन दांडे मांडले, रेसचा आणि मूळचा, कंपनीचा. स्पेअर पार्टवाला बाळू हळहळला, "आण्णा, रेसचाच परत बसवा. गाडीची शान जाईल."

"टर्बोनं हवा आत कोंबायची आन् व्हॉल्व उघडं ठेवून सायलेन्सरनं सोडायची, ह्यात कसली शान रं?" अण्णा म्हणाले. पण दांडा हातात घेत होते, परत ठेवत होते. दोन दिवस त्यांना जेवणही गोड लागलं नाही.

शेवटी कंपनीचा बसला. निघायच्या सकाळी वहिनी पिशवी घेऊन पायरीवर उभ्या. अण्णांनी पेला भरला, चावी फिरवली. गाडी खोकली, गदगदली, आणि पेला कलंडून खाली पडला. वहिनींनी एसटीला जायला पिशवी उचलली.

"थांब गं! दांडा फिरवणारा पट्टा एक दात चुकलाय!" अण्णांनी गाडी बंद केली आणि बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. फौजेत आयुष्य काढलेल्या त्या माणसाच्या हातातून पाना दोनदा निसटला.

मी वैतागलो. "अण्णा, कशाला एवढं? होईल की त्यांना सवय!"

त्यांनी आवाज खाली आणला. "ती कोयनंत वाढली, गड्या, भूकंपाच्या गावात. बूड हाललं की मोकळ्यात पळायचं, हे पोरपणापासनं अंगात भिनलंय. सवय न्हाई, भ्या हाय ते. आन् त्या दिशी तुमच्यासंगं मी बी हासलो. तवापासनं पेला घेऊन हिंडतोय, कंच्या गाडीत ती बसंल ते बघत."

मी खाली पडलेला पेला उचलून त्यांच्याजवळ ठेवला.

सातारची एसटी स्टँडवरून सुटून गेली. वहिनी पायरीवरच उभ्या होत्या. पट्टा बसला. अण्णांनी पेला पुन्हा भरला, चावी फिरवली आणि डोळे मिटून घेतले. पाणी थरथरलं. काठाशी आलं. मग ते हळूहळू स्थिरावलं.

वहिनी पायरी उतरल्या. पेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग तो उचलून अर्धा प्यायल्या आणि उरलेला अण्णांपुढे धरला.

"आवं, प्या. घसा सुकलाय तुमचा."

अण्णांनी पाणी संपवून पेला माझ्या हातात दिला. वहिनी आपण होऊन पुढच्या सीटवर बसल्या. टर्बोची ती गाडी वळणापर्यंत इतकी जपून गेली, की मागून उसाची ट्रॉली आली आणि हॉर्न वाजवत तिला ओलांडून पुढे निघून गेली.