पिठीची थरथर

साहेबरावांचे निम्मे तांदूळ दळून झाले होते आणि निम्मे अजून पाटीतच होते, तेव्हा धनाजीने गिरणी बंद केली. पट्टा फटफटत मंदावला, थांबला, आणि वेल्ह्याच्या बाजारपेठेत एकदम इतकी शांतता पसरली की समोरचा चहावाला दचकून बाहेर आला.

"काय झालं? लाईट गेली का?" साहेबरावांनी ओरडून विचारले. धनाजीशी ओरडूनच बोलावे लागे. वर्षानुवर्षे गिरणीच्या घरघराटात उभे राहून त्याचा एक कान पुरता गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता.

"लाईट हाय. आमची पिठी आजारी हाय," म्हणत धनाजीने कुडत्यात हात घातला आणि मूठभर मांजर बाहेर काढले.

"अरं, पर उद्या माज्या वैष्णवीचा साखरपुडा! पाव्हण्यांना भाकरी कशाची घालू?"

"भात घाला की. तांदूळ हायेतच तुमच्यापाशी."

पिठी त्याला कोंड्याच्या पोत्यामागे सापडली होती. डोळे चिकटलेले, नाक वाहतेय, अंगावर पिठाचा थर. सुलक्षणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कोमट पाण्याने पुसून काढली तेव्हा पांढरी म्हणून उचललेली मांजर करडी निघाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि "जगली तर नशीब" असे म्हटले. ते ऐकू आल्यावर धनाजी इरेला पेटला. आयुष्यात ज्याने दारातल्या कुत्र्याला भाकरी टाकली नव्हती, तो कापसाच्या बोळ्याने मांजरीचे डोळे पुसू लागला, बोटाने पेज चाटवू लागला. डोळे उघडले, नाक थांबले. आता सुटली म्हणता म्हणता ही थरथर सुरू झाली.

धनाजीचे कान गेले असले तरी तळहात शाबूत होता. मोटारीवर हात टेकला की कुठले बेअरिंग गेलेय ते त्याला कळायचे. तोच हात त्याने पिठीच्या पाठीवर ठेवला. आत बारीक, एकसारखी थरथर. बेअरिंग जायला आले की मोटार अगदी अश्शीच थरथरते.

त्यातही विचित्र असे की टोपलीत ठेवली की थरथर थांबे, उचलली की पुन्हा सुरू. धनाजीने हिशेब लावला, बिचारीला उचलताना गार वारा लागत असणार. म्हणून त्याने तिला कुडत्याच्या आत, छातीशी धरले. थरथर दुप्पट झाली.

"चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखव," साहेबराव म्हणाले. मांजरीपेक्षा त्यांना पाटीतल्या तांदळांची काळजी जास्त होती. दोघे दवाखान्यात गेले. पत्र्याच्या गार टेबलावर ठेवताच पिठी काठीसारखी ताठ झाली. डॉक्टरने डोळे पाहिले, पोट चाचपले, ताप पाहिला.

"काका, ठणठणीत आहे हो!"

"मगाशी थरथरत हुती."

"आता कुठे थरथरतेय?"

"मिस्त्री आला की मोटार बी गुमान चालती," धनाजी म्हणाला.

डॉक्टर हसला आणि ते निघताना म्हणाला, "फक्त पिठाच्या धुळीत ठेवू नका. अजून नाजूक आहे." एवढेच म्हणाला. पण धनाजीने ते असे धरले की गिरणीला कुलूपच लागले. साहेबराव पाटी उचलून पुटपुटत टेम्पोने नसरापूरच्या गिरणीकडे गेले.

पुढचे काही दिवस वेल्ह्यात विचित्र गेले. लोक दळण घेऊन यायचे, कुलूप पाहायचे, डबे-पिशव्या ओट्यावर ठेवून द्यायचे आणि मांजर लवकर बरी व्हावी म्हणून उपाय सांगायचे. कुणी ओव्याची धुरी दिली. पिठी शिंकत तुळईवर जाऊन बसली. शेजारच्या भिमाने मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडताच तिने भिमाच्या हातावर नखे उमटवली. प्रत्येक उपायातून सुटली की ती धावत येई, धनाजीच्या छातीवर चढे आणि पहिल्यापेक्षा जोरात थरथरू लागे. म्हणजे दुखणे वाढतच चालले होते.

बाकी त्या बंद गिरणीत मात्र काहीतरी निराळेच घडत होते. थंडीचे दिवस. सकाळी तोरण्याचा पायथा धुक्यात बुडून जाई आणि गडाचा माथा तेवढा, कुणी वर आभाळात ठेवून विसरल्यासारखा, तरंगत राही. कौलांतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात झाडूनही राहिलेले पीठ अजून थोडेसे उडत असे, सावकाश, खाली बसायची घाई नसल्यासारखे. जमिनीवर सांडलेले दाणे टिपायला चिमण्या आत येत. धनाजी घराकडच्या दाराने आत येऊन मांजर छातीशी धरून बसून राही. सुलक्षणा चहा आणी आणि त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला टेकून बसे. ती माहेरच्या ओढ्याबद्दल बोले, लग्नात त्याच्या सैल झालेल्या फेट्याबद्दल बोले. तो हसे. मग दोघेही गप्प होत, आणि ते गप्प बसणेही बरे वाटे. मांजर मरायला टेकली असताना आपल्याला इतके बरे का वाटतेय, याची धनाजीला मनातून लाज वाटे.

शेवटी त्याने भोरला मोठ्या डॉक्टरकडे जायचे ठरवले. सुलक्षणाने दुरडीत जुने लुगडे अंथरून दिले. दारात ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनलीस?"

"काय न्हाई. सावकाश जावा," ती मोठ्याने म्हणाली.

कापूरहोळला उतरून तो भोरच्या एसटीची वाट पाहत बाकावर बसला. पिठी केव्हाच दुरडीतून निघून कुडत्यात शिरली होती आणि तिची थरथर चालू होती. शेजारी, बऱ्या कानाच्या बाजूला, हिर्डोशीची एक म्हातारी, अक्काबाई, गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याला कोपराने ढोसले.

"आरं बाबा, तुजा मोबाईल कवाधरनं घुरघुरतोय. उचल की!"

"मोबाईल घरी ऱ्हायला. ही मांजर हाय. लई आजारी हाय."

"काय झालंय तिला?"

"थरथर सुटलीया. माज्या हातात आली की लईच."

"आन दुसऱ्याच्या हातात?"

"दुसऱ्याच्या हातात न्हाई. दुसऱ्याला बोचकारती."

अक्काबाईने त्याच्याकडे पाहिले, कुडत्याकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की गाठोडे मांडीवरून घरंगळले.

"आरं येड्या, गुरगुरतीया ती! सुकानं! मांजराला लई बरं वाटलं म्हंजी गुरगुरतं ते. कदी आयकलं न्हाईस?"

धनाजीने पिठीला हळूच बाहेर काढून बऱ्या कानाशी नेले. आधी काहीच नाही. मग दूरवरून, लांबच्या डोंगराआड कुणाची तरी लहानशी गिरणी चालू असावी तसा आवाज येऊ लागला. आत दळण चालले होते, आणि ते संपायचे नाव घेत नव्हते. महामार्गावर ट्रक धडधडत होते. भोरची एसटी आली, अक्काबाईला घेऊन गेली. धनाजी तसाच बसून राहिला, मांजर कानाशी धरून, डोळे मिटून.

वेल्ह्याला परतताना मात्र त्याला घाम फुटला. मांजर खूश होती म्हणून गिरणी बंद ठेवली, हे गावाला सांगायचे कसे? मागच्या दाराने घरात शिरून त्याने सुलक्षणाला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिचा हातही थांबला नाही.

"तुला ठावं हुतं?"

"आमच्या म्हायेरी मांजरांचा काय तोटा?"

"मग बोलली का न्हाईस?"

सुलक्षणाने निवडलेली मेथी बाजूला केली आणि त्याच्या बऱ्या कानाजवळ सरकली. "गिरणी चालू असली की म्या खुणा करायच्या आन तुमी मान हालवायची. इतकी वर्सं त्येच चाललंय. आत्ता कुटं बसून बोलाय लागला हुता. म्हनलं, मांजर आजारी हाय तर असू दे दोन दीस."

तेवढ्यात ओट्यावर माणसे जमल्याची गलबल झाली. तो बाहेर आला. डबे-पिशव्यांच्या रांगेमागे अर्धी बाजारपेठ उभी होती, आणि पुढे साहेबराव.

"काय म्हनला भोरचा डॉक्टर?"

धनाजीने घसा साफ केला. कुडत्यात पिठी जोरजोरात घुरघुरत होती. "दुखनं बरं व्हायचं न्हाई म्हनत्यात," तो गंभीरपणे म्हणाला. लोक हळहळले. "पर जिवाला धोका न्हाई. गिरणी आत्ता चालू करतो. फकस्त रोज दुपारी बंद ठिवायची, आन तिला मांडीवर घिऊन, चहा पीत, निवांत बसायचं."

"किती दीस?"

"जलमभर."

"अरारारा!" साहेबराव कळवळून म्हणाले. "लई कडक पथ्य हाय रं!"

"व्हय," धनाजी म्हणाला. "पर सोसाया पायजेल."