आप्पासाहेबांना सगळं कळतं

"तुम्हाला नेमकं काय काय कळायला हवंय?" कारखाना स्मार्ट करून द्यायला पुण्याहून आलेल्या राजनंदिनी मॅडमनी विचारलं.

केडगावच्या त्या शेडमध्ये पंपाचे शाफ्ट बनत. मालक आप्पासाहेब खुर्चीत सरसावले. "मला समदं कळलं पायजे. मशीन थांबलं की माजा मोबाईल वाजला पायजे."

"पण आधी गरजा ठरवू. कुठलं थांबणं महत्त्वाचं, कुठलं नेहमीचं..."

"सगळंच महत्त्वाचं!" मॅनेजर बिभीषण घाईने म्हणाला. मालकापुढे होकार द्यायची त्याला जुनी खोड होती.

सेन्सर बसले आणि दुसऱ्याच सकाळी बिभीषणला आप्पासाहेबांचा फोन आला. "तीन नंबर का थांबलं?"

"तयार शाफ्ट काढला, साहेब."

आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बिभीषणने शेजारचं मशीन बंद करायला लावलं. लगेच पुन्हा फोन. "आता चार नंबर का थांबलं?"

"तुमचा फोन आल्ता म्हणून."

"म्हंजे माज्यामुळं?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बिभीषणचा कान लाल झाला. सुट्टी झाली आणि सगळीच मशीनं एकदम थांबली. तेव्हाचे आप्पासाहेबांचे शब्द त्याने बायकोलाही सांगितले नाहीत.

"मॅडम, साहेबांच्या मोबाईलवर निरोप जायचं एवढं बंद करा ना," तो काकुळतीने म्हणाला.

"करते. फक्त आप्पासाहेबांना विचारा."

तेच तर होणार नव्हतं. त्यात आप्पासाहेबांनी बजावलं, "उद्या मोठं गिऱ्हाईक येतंय. एक जरी मशीन थांबलं, तर परवापासनं तू घरी थांब."

बिभीषणने तोच दम ऑपरेटर गहिनीनाथला दिला.

पाहुणे आले. उन्हात शेडकडे कोण जातंय? गार केबिनमध्ये बसून त्यांनी चालू मशीन हिरवं दाखवणारा पडदा पाहिला. दिवसभर सगळं हिरवंगार! खूश होऊन त्यांनी दुप्पट माल मागितला. "आज झालेला सोबतच नेतो. टेम्पो आणलाय."

बिभीषण शेडकडे पळाला. मशीनं घरघरत होती, पण शाफ्ट कुठेच दिसेना.

"गहिनीनाथ, माल कुठंय?"

"माल लावला की काढाया मशीन थांबवावं लागतं," गहिनीनाथ शांतपणे म्हणाला. "म्हून लावलाच न्हाई."

 तेवढ्यात मागून आप्पासाहेब आले आणि त्यांनी बिभीषणच्या पाठीवर कौतुकाची थाप मारली.

"शाब्बास! आता रोज असंच चालवायचं."

"व्हय, साहेब," बिभीषण म्हणाला.

दारात टेम्पोवाल्याने माल भरायला मागचा फाळका धाडकन उघडला.