अक्काच्या कपाळावरची नागीण

सोनईत नागिणीच्या थोतांडाला न भिणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे मी. दिवाळीत ती माझ्या कमरेला उठली. फोडांचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपतो, असं अख्खी गल्ली येऊन सांगून गेली. मी डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या आणि बरा झालो. या विषयात मला आता कोणी शिकवायचं नाही, असं पारावर बजावूनही आलो.

मग ती माझ्या थोरल्या बहिणीच्या, मनकर्णाअक्काच्या, कपाळावर उठली. फोड भुवईपर्यंत आले, डोळा सुजून भज्यासारखा झाला. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, लगेच नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्या, नाहीतर डोळा जाईल.

अक्का म्हणाली, नागीण अंगावर असताना शीव ओलांडली तर ती चवताळते. वैजनाथ भगतानं तिच्या भुवईवर गेरूची जाड रेघ ओढली होती. म्हणजे नागीण तिथवर येणार, रेघ बघणार आणि रेल्वे फाटकापाशी टेम्पो थांबावा तशी थांबणार! कोणाची सावली पडू नये म्हणून खिडकीला गोधडी. वास नको म्हणून घरात फोडणी बंद. सून रोहिणीनं गोळी पुढं केली, तर अक्कानं ती देव्हाऱ्यात ठेवली. डॉक्टरचाही मान राहिला म्हणे.

मी कडू बोललो. बोलणारच. गेल्या वर्षी माझ्या बायकोला, हौसाला, कावीळ झाली तेव्हा याच अक्कानं तिच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली होती. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. हौसा मला ती तोडू देईना. माळ बेंबीपर्यंत आली. सगळे खूश होते. हौसा गेली.

"अक्का, माळेत एक माणूस घालवलं. आता गेरूत डोळा घालवायचाय का?"

अक्कानं भुवईवरची रेघ चाचपली. मग म्हणाली, "बजरंगा, तुला ती हून गेलीय. वैजनाथ म्हनतो, तुज्या हातानं उतरंल. तू मंतर मार, मग नेशील तिकडं येते."

मला मंत्र कुठला येतो! पण डोळा वाचवायचा होता. हातात लिंबाचा डहाळा घेतला, कपाळाला अंगारा फासून घेतला, डोळे मिटले आणि हौसा अक्काशी भांडताना जे जे बोलायची ते पुटपुटायला लागलो. आमच्याकडं आली की हिला आयतं ताट लागतं. वर भाजीत मीठ कमी. वर परत जायचं नाव नाही. बोलता बोलता माझा आवाजच फुटला. जमलेल्या बायकांना वाटलं, अंगात आलं. वैजनाथ हात जोडून मागं सरकला.

"काय म्हनती रं ती?" अक्कानं विचारलं.

"म्हणती, गोळी खा आणि गुमान जीपमध्ये बस."

अक्कानं देव्हाऱ्यातली गोळी गिळली. शिवेवर जीप थांबवून मला पुन्हा पुटपुटायला लावलं, मगच पुढं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गेरू पुसला, मग माझ्याकडं बघितलं. अंगारा, हातात डहाळा. "तुम्हीच का ते भगत? तुमच्यासारख्यांमुळं पेशंट आंधळे होतात. लाज वाटत नाही?" सगळा दवाखाना बघत होता. मी नाही म्हणालो असतो, तर अक्का तिथूनच परत फिरली असती. मी मान खाली घातली.

"त्याला बोलू नका, बाई," अक्का म्हणाली. "त्यानंच आनलंय मला."

डोळा वाचला. पण थेंब अजून टाकायचे आहेत, आणि मी पुटपुटल्याशिवाय अक्का डोळा उघडत नाही. हौसाची तिच्याशी झालेली भांडणं पुटपुटून संपली. आता हौसानं मला घातलेल्या शिव्या काढल्यात. त्या बाटली संपेपर्यंत सहज पुरतील.